स्पॅनिश शब्दात जोर कुठे द्यायचा: शब्द शेवटाकडून वाचायची सवय

बेळगावातली मुलं घरात "पप्पा" अशी हाक मारतात ती पहिल्या अक्षरावर जोर देऊन. तीच हाक मेक्सिकोतल्या किंवा पेरूतल्या माणसाला ऐकवली तर त्याला वडील ऐकू येत नाहीत, बटाटा ऐकू येतो. वडील म्हणायचे असतील तर त्याच्या भाषेत जोर शेवटी पडायला हवा. स्वर तेच, व्यंजनं तीच, जोराची जागा तेवढी सरकली. "माझे बाबा आजारी आहेत" एवढ्या साध्या वाक्यात ही चूक झाली की ऐकणारा मनातल्या मनात वाक्य दुरुस्त करत बसतो आणि तुमचं पुढचं वाक्य त्याच्या कानातून निसटतं.

मराठीत असं होत नाही. "पाणी" म्हणताना जोर पा वर द्या नाहीतर णी वर, पाणी ते पाणीच राहतं. कन्नडातही जोराची जागा बदलून नवा शब्द तयार होत नाही. सीमाभागातला माणूस या दोन भाषांत सहज ये-जा करतो, पण जोर कुठे पडला हे टिपायची गरज त्याच्या कानाला कधी पडलेली नसते. म्हणून स्पॅनिश शिकताना जिभेपेक्षा कानावर जास्त काम करावं लागतं.

गोष्ट तशी आपल्याला अगदीच परकी नाही. वेदपाठ करणाऱ्यांना इंद्रशत्रूची कथा ठाऊक असते. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा मुलगा हवा होता. मंत्रातल्या त्या एका शब्दाचा स्वर शेवटच्या अक्षरावर पडण्याऐवजी पहिल्या अक्षरावर पडला, आणि "इंद्राला मारणारा" याऐवजी "इंद्र ज्याला मारणार तो" असा अर्थ झाला. वैदिक स्वर मुख्यतः आवाजाच्या उंचीचा होता, स्पॅनिश जोरात उंचीबरोबर दाब आणि थोडी लांबीही असते. पण जागा चुकली की अर्थ फिरतो, हे दोन्हीकडे सारखंच.

इंग्रजीत जोराची जागा शब्दागणिक पाठ करावी लागते. स्पॅनिशमध्ये ती वाचता येते. शब्द आयुष्यात पहिल्यांदा दिसला असेल, अर्थ ठाऊक नसेल, तरी छापलेल्या शब्दाकडे पाहून जोर कुठे ते सांगता येतं. त्यासाठी शब्द शेवटाकडून बघायची सवय लावावी लागते, कारण सगळे नियम शेवटापासून मोजलेले आहेत.

आधी या लेखातल्या खुणा सांगतो. एका दमात निघणाऱ्या उच्चाराच्या भागाला व्याकरणात अक्षर म्हणतात. पण लिपीतल्या अक्षराशी घोटाळा नको म्हणून इथे त्याला तुकडा म्हटलं आहे. तुकडे आडव्या रेघेनं तोडले आहेत आणि जोराचा तुकडा « » या खुणेत ठेवला आहे. घर म्हणजे «का»-सा, कॉफी म्हणजे का-«फे». उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत, त्यामुळे झेड हे अक्षर आणि इ-ए च्या आधीचा सी यांचा उच्चार "स" आहे. जे या अक्षराचा उच्चार घशात थोडा घासणारा "ह" आहे, इथे तो साध्या "ह" नं दाखवला आहे.

पहिली नजर रेघेवर, दुसरी शेवटच्या अक्षरावर

शब्द समोर आला की आधी कुठल्या स्वरावर तिरकी रेघ आहे का ते बघा. या रेघेला स्पॅनिशमध्ये तिल्दे म्हणतात. ती डावीकडून उजवीकडे वर चढते, म्हणजे आपल्या मात्रेच्या उलट झुकलेली असते. एका शब्दात एकच असते आणि नेहमी स्वरावरच असते. ती दिसली की शोध संपला: जोर तिथेच. एन वरची लाटेसारखी खूण आणि यू वरचे दोन ठिपके यांचा जोराशी काही संबंध नाही. नवशिके लाटेला तिल्दे समजतात, ते टाळा.

रेघ नसेल तर शेवटचं रोमन अक्षर बघा. ते स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर जोर शेवटच्या तुकड्यावर. एवढेच दोन नियम आहेत.

टेबल म्हणजे «मे»-सा, शेवटी स्वर. सोमवार म्हणजे «लु»-नेस, शेवटी एस. ते बोलतात म्हणजे «आ»-ब्लान, शेवटी एन. उलट शहर म्हणजे स्यु-«दाद», शेवटी डी. हॉटेल म्हणजे ओ-«तेल», शेवटी एल. जेवणे म्हणजे को-«मेर», शेवटी आर.

व्यंजनांमधून एन आणि एस या दोघांनाच वेगळं का काढलं, असं विचारणारा विद्यार्थी चांगला शिकतो, कारण उत्तर कळलं की नियम विसरत नाही. स्पॅनिशमध्ये नामाचं अनेकवचन एस लावून होतं आणि क्रियापदाचं "ते" रूप एन लावून. घर «का»-सा, घरं «का»-सास. तो बोलतो «आ»-ब्ला, ते बोलतात «आ»-ब्लान. हे दोन प्रत्यय लागले म्हणून जोर हलू नये, यासाठी त्यांना स्वरांच्या पंगतीत बसवलं आहे.

या दोन नियमांत न बसणाऱ्या शब्दावर तिल्दे येते. का-«फे» स्वरात संपतो, नियमानं जोर का वर यायला हवा होता, तो फे वर आहे, म्हणून रेघ. पेरू देशाचं नाव पे-«रु», तिथेही तेच कारण. झाड «आर»-बोल, पेन्सिल «ला»-पिस, सोपं «फा»-सिल हे एल किंवा झेड मध्ये संपूनही जोर आधीच्या तुकड्यावर ठेवतात, म्हणून रेघ. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे दोन शब्द तोंडात बसवायला हरकत नाही: ऊस म्हणजे «का»-न्या, साखर म्हणजे आ-«सु»-कार. साखरेच्या शब्दात शेवटी आर आहे तरी जोर सु वर, म्हणून यू वर तिल्दे.

जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर असेल तर तिल्दे नेहमी लागतेच, अपवाद नाही: ते-«ले»-फो-नो, «मे»-दि-को म्हणजे डॉक्टर, «मु»-सि-का, «सा»-बा-दो म्हणजे शनिवार. या तिसऱ्या गटाला एस-«द्रु»-हु-ला म्हणतात आणि ते नाव स्वतःच त्या गटात बसतं. शेवटून दुसऱ्यावर जोर असलेल्या शब्दांना «या»-ना म्हणतात, तेही नाव आपल्याच गटातलं. फक्त शेवटच्या तुकड्यावर जोर असणाऱ्यांचं नाव आ-«गु»-दा आहे, ते मात्र स्वतः «या»-ना गटात जातं.

इथे एक चूक फार होते: शेवटचं अक्षर बघायच्या ऐवजी शेवटचा आवाज ऐकला जातो. टेनिसपटू अल्काराझचं आडनाव लॅटिन अमेरिकेत "स" नं संपल्यासारखं ऐकू येतं, म्हणून विद्यार्थी एस चा नियम लावतो आणि जोर का वर टाकतो. लिहिताना शेवटी झेड आहे, म्हणून आल-का-«रास». झेडमध्येच संपणारं आल्बारेस हे आडनाव मात्र «आल»-बा-रेस असं म्हणतात, कारण पहिल्याच अक्षरावर तिल्दे आहे. «गो»-मेस, «पे»-रेस, रो-«द्रि»-गेस या आडनावांवर रेघ का असते तेही यातून कळेल. टीव्हीवरच्या इंग्रजी समालोचनातून ही नावं उचलू नका. नदालचा जोर शेवटी: ना-«दाल».

शेवटी वाय आला तर तो आवाजानं स्वर असला तरी जोराच्या हिशेबात व्यंजन धरतात: उ-रु-«ग्वाय», एस-«तोय».

रेल्वेच्या पाट्यांवर सराव

नियम कळणं आणि नजरेला त्याची सवय होणं यात बरंच अंतर आहे. ते भरून काढायला आपल्याकडच्या गावांच्या रोमन पाट्या फार चांगल्या. ओळखीची नावं असल्यामुळे अर्थात डोकं अडकत नाही आणि सगळं लक्ष शेवटच्या अक्षरावर राहतं. लोंढ्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर स्टेशनची पाटी दिसली की ते नाव एखादा स्पॅनिश माणूस पहिल्यांदा वाचेल तसं मनात म्हणा. लोंढा: शेवटी स्वर, «लोन»-दा. खानापूर: शेवटी आर, का-ना-«पुर». देसूर: दे-«सुर». घटप्रभा: गा-ता-«प्रा»-बा. रायबाग: शेवटी जी, राय-«बाग». कुडची: कु-«दा»-चि. मिरज: शेवटी जे, जोर शेवटी. रस्त्यानं जात असाल तर निपाणी नि-«पा»-नि, अथणी आ-«ता»-नि, गोकाक गो-«काक», कारवार कार-«वार», बिदर बि-«दार», भालकी «बाल»-कि.

शेवटच्या अक्षराचं महत्त्व सगळ्यात चांगलं दिसतं ते बेळगावच्याच नावात. १ नोव्हेंबर २०१४ ला रोमन पाटी बदलली. जुनी पाटी एम मध्ये संपत होती, तिच्यात आ आणि उ जोडून येत होते, म्हणून स्पॅनिश वाचनात दोनच तुकडे पडायचे आणि जोर शेवटी: बेल-«गाउम». नवी पाटी आय या स्वरात संपते: बे-ला-«गा»-बि. गाव एकच, पण शेवटचं अक्षर बदललं तसा जोर एका तुकड्यानं मागे आला. दिवसाला वीसेक पाट्या अशा वाचल्या तर दोन आठवड्यांत नजर आपोआप शब्दाच्या टोकाकडे जायला लागते.

तुकडे मोजताना स्वर मोजा

पुस्तकं इथे व्यंजनांची वाटणी शिकवतात: दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या तुकड्यात जातं, दोन असतील तर एकेक वाटून घेतात, प-ब-त-द-क-ग-फ नंतर र आणि प-ब-क-ग-फ नंतर ल आला तर जोडी फुटत नाही. हे खरं आहे, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडताना लागतंही. पण जोर शोधायला ते लागत नाही. शब्दात किती स्वरगट आहेत तेवढं मोजा, तेवढे तुकडे.

अडचण येते ती दोन स्वर शेजारी आले की. आ, ए, ओ हे तीन दांडगे स्वर समजा, इ आणि उ हे दोन हलके. दांडग्याशेजारी हलका आला तर दोघांचा मिळून एक तुकडा, आणि जोर आलाच तर दांडग्यावर: «ब्वे»-नो म्हणजे चांगलं, «त्येम»-पो म्हणजे वेळ, «प्वेर»-ता म्हणजे दार. दोन हलके आले तरी एकच तुकडा. दोन दांडगे शेजारी आले तर तुकडे दोन: ते-«आ»-त्रो, आणि विमानतळाचा लांबलचक आ-ए-रो-«प्वेर»-तो, पाच तुकड्यांचा.

हलक्या स्वरावर तिल्दे असेल तर तो दांडग्याच्या मांडीवर बसत नाही, वेगळा होतो. त्यासाठी औषधांचं दुकान आणि पोलीस हे दोन शब्द शेजारी ठेवा. दोन्ही रोमन लिपीत आय आणि ए (उच्चार इ-आ) या जोडीनं संपतात. दुकान आहे फार-«मा»-स्या: इथे आय वर रेघ नाही, शेवटचे दोन स्वर एकाच तुकड्यात गेले, शब्दाचे तुकडे तीन, शेवटून दुसरा मा. पोलीस आहे पो-लि-«सि»-आ: आय वर रेघ आहे, स्वर फुटले, तुकडे चार, जोर रेघेवर. रेघ न बघता घाईनं वाचणारा फार-मा-«सि»-आ म्हणतो, आणि ही चूक वर्षभर शिकलेल्यांच्याही तोंडी असते. आपल्या देशाचं नाव «इन»-द्या, दोनच तुकडे. को-«लोम»-ब्या, फा-«मि»-ल्या, इस-«तो»-र्या हे सगळे औषधाच्या दुकानाच्या रांगेतले. «दि»-आ म्हणजे दिवस, मा-«रि»-आ, गार-«सि»-आ, सान-«दि»-आ म्हणजे कलिंगड, पा-«इस» म्हणजे देश, हे पोलिसांच्या रांगेतले. वहीत दोन रकाने करून नवा शब्द आला की त्या त्या रांगेत लिहीत जा.

क्यू नंतरचा यू, आणि जी व त्यापुढच्या ए किंवा इ यांच्यामधला यू मुका असतो, तो मोजायचा नाही: «के»-सो म्हणजे चीज, गि-«ता»-र्रा. त्या यू वर दोन ठिपके असतील तरच तो बोलतो: पिन-«ग्वि»-नो.

जोर म्हणजे नेमकं काय करायचं

जोर म्हणजे ओरडणं नव्हे. त्या तुकड्यावर आवाज जरा वर चढतो, स्वर किंचित लांबतो आणि श्वासाचा दाब थोडा वाढतो, तिन्ही एकदम. ठेक्यात समेवर जसं वजन येतं आणि बाकीच्या मात्रा आपापल्या जागी पूर्ण वाजतात, तसं. शब्दाला एकच सम.

बाकावर बसून बोटानं सराव करा. बिनजोराच्या तुकड्याला तर्जनीची हलकी टकटक, जोराच्या तुकड्याला तळहाताची थाप. ते-ले-फो-नो: टक, थाप, टक, टक. उ-नि-बेर-सि-दाद म्हणजे विद्यापीठ: चार टक आणि शेवटी थाप. आधी फक्त हात, तोंड बंद. मग हाताबरोबर नुसतं "ना-ना-ना". मग शब्द. हात आणि तोंड एकदम सुरू केलं तर तोंडाच्या जुन्या सवयीमागे हात फरफटत जातो आणि काहीच दुरुस्त होत नाही.

बिनजोराचे स्वर मात्र पुसू नका. इंग्रजीच्या सवयीनं बिनजोराचा आ "अ" होतो आणि बा-«ना»-ना चं "बनाना" होतं. स्पॅनिशमध्ये प्रत्येक आ शेवटपर्यंत आ च राहतो. आपली मराठी इथे उपयोगी पडते, काना असलेलं अक्षर आपण पूर्ण उच्चारतो, तेच करायचं.

ज्यांनी शाळेत कन्नड शिकलं आहे त्यांना आणखी एक गोष्ट हाताशी आहे. मराठी लिपीत ए आणि ओ यांचं ऱ्हस्व रूप नाही, कन्नडात आहे. "दे" या अर्थाचा कोडु ऱ्हस्व ओ चा आणि शिंग या अर्थाचा कोडु दीर्घ ओ चा, हा फरक सीमाभागातल्या कानाला शिकवावा लागत नाही. स्पॅनिशचा बिनजोराचा ओ त्या ऱ्हस्व ओ सारखा आखूड ठेवा, आणि जोराचा ओ त्याहून जरा लांब, पण कन्नडच्या दीर्घ ओ इतका ताणलेला नको. «को»-मो म्हणताना दोन ओ शेजारीच आहेत, तिथे हे तपासून बघा.

आपल्याकडून हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक वहीतूनच येते. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ लिहायचा असतो, म्हणून आपण मेस्सी, टॅक्सी असं लिहितो. मग वाचताना त्या दीर्घ ई वर वजन जातं आणि जोर शेवटी सरकतो. स्पॅनिशच्या वहीत हा नियम बाजूला ठेवा: जोर असेल तिथेच दीर्घ लिहा, बाकी सगळीकडे ऱ्हस्व. "मेसि" डोळ्याला खुपेल, पण जीभ बरोबर चालेल.

दुसरी चूकही मेस्सीच्याच नावात आहे. आखूड स्वरावर जोर दिला की पुढचं व्यंजन दुप्पट करायची आपल्याला सवय आहे, पप्पा, पत्ता, हट्ट. स्पॅनिशमध्ये व्यंजन एकेरीच राहतं, जोर स्वरात राहतो. «मे»-सि, एकच स. «पा»-पा बटाटा, पा-«पा» बाबा, दोन्हीकडे प एकेरी.

तिसरी, जोडाक्षरावर आपटणं. "विद्या", "सत्ता" म्हणताना आपण जोडाक्षराआधीच्या अक्षरावर भार देतो, ते मराठीत योग्यच. पण खिडकी म्हणजे बेन-«ता»-ना, तिथे बेन वर भार दिला तर चुकतं. आर-हेन-«ति»-ना, इम-पोर-«तान»-ते, एस-पा-«न्योल» या शब्दांतही मधलं किंवा पहिलं जड अक्षर फसवतं. जड-हलकं न बघता शेवट बघा.

चौथी, इंग्रजीतून आलेले ओळखीचे शब्द. डॉक्टर आपण पहिल्या अक्षरावर म्हणतो, स्पॅनिशमध्ये दोक-«तोर». ओस-पि-«ताल», आ-नि-«माल», मो-«तोर», को-«लोर», सगळे व्यंजनात संपतात, सगळ्यांचा जोर शेवटी. चो-को-«ला»-ते चे चार तुकडे पूर्ण बोलायचे. इंग्रजीत शन असा शेवट असलेल्या शब्दांचं स्पॅनिश रूप बहुतेक वेळा स्योन नं संपतं आणि त्यावर तिल्दे असते: ना-«स्योन», एस-ता-«स्योन», इन-फोर-मा-«स्योन». हा एक शेवट पक्का झाला की शेकडो शब्द हाताशी येतात.

पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या शब्दांचा मात्र उपयोग करून घ्या, कारण त्यांच्या स्पॅनिश भावंडांत जोर बहुधा पोर्तुगीजसारखाच पडतो. पगार हा मूळचा "पैसे देणे" या अर्थाचा शब्द, स्पॅनिशमध्ये पा-«गार». बटाट्याला स्पेनमध्ये पा-«ता»-ता म्हणतात. निपाणीचा तंबाखू ता-«बा»-को, साबण हा-«बोन», बादली «बाल»-दे. चोर्ल्याच्या घाटापलीकडे गोव्यात कुणी जुनी माणसं पोर्तुगीज बोलत असतील तर जोराची जागा त्यांच्याकडून ऐकावी. स्वर मात्र घेऊ नयेत, कारण पोर्तुगालच्या वळणाच्या बोलण्यात बिनजोराचे स्वर गिळले जातात.

क्रियापदात जोर म्हणजे काळ

बाकीच्या शब्दांत चूक झाली तर ऐकणारा संदर्भानं सावरून घेतो. क्रियापदात ते कठीण जातं, कारण तिथे कोण बोललं आणि कधी, हे दोन्ही जोरच सांगतो. «आ»-ब्लो म्हणजे मी बोलतो. आ-«ब्लो» म्हणजे तो बोलला. एस-«तु»-द्यो मी अभ्यास करतो, एस-तु-«द्यो» त्यानं अभ्यास केला. «आ»-ब्ले म्हणजे आदरानं "बोला", आ-«ब्ले» म्हणजे मी बोललो. तेर-मि-नो या तीन तुकड्यांवर तर जोर तिन्ही जागी बसतो: «तेर»-मि-नो म्हणजे मुदत किंवा संज्ञा, तेर-«मि»-नो म्हणजे मी संपवतो, तेर-मि-«नो» म्हणजे त्यानं संपवलं. हे तिन्ही एका श्वासात, हाताच्या थापेसह, रोज दहा वेळा म्हणा. याहून चांगला व्यायाम आम्हाला ठाऊक नाही.

मूळ रूप आर नं संपतं, म्हणून जोर नेहमी शेवटी: आ-«ब्लार», को-«मेर», बि-«बिर». नियमित क्रियापदाच्या वर्तमानकाळात मी, तू, तो, ते या रूपांत जोर धातूवर असतो आणि "आम्ही" च्या रूपात प्रत्ययावर सरकतो: «आ»-ब्लो, «आ»-ब्लास, «आ»-ब्ला, «आ»-ब्लान, पण आ-«ब्ला»-मोस. भविष्यकाळात जोर प्रत्ययावर: आ-ब्ला-«रे», आ-ब्ला-«रा», आ-ब्ला-«रे»-मोस.

आज्ञार्थाला सर्वनामं चिकटतात तेव्हा जोर जिथे होता तिथेच राहतो, आणि शब्द लांबल्यामुळे तिल्दे येते. "मला सांग" «दि»-मे, रेघ नाही. "मला ते सांग" «दि»-मे-लो, रेघ आली, कारण जोर आता शेवटून तिसरा झाला. आदरानं म्हटलं तर «दि»-गा-मे-लो, इथे जोर शेवटून चौथा. मेन-ते हा क्रियाविशेषणाचा प्रत्यय लागला तर मात्र दोन जोर येतात: «फा»-सिल-«मेन»-ते. एरवी एका शब्दाला दोन जोर देऊ नयेत.

अनेकवचनात जोर हलत नाही, रेघ हलते

आपल्याकडे फूल चं फुलं होताना उकार ऱ्हस्व होतो, तसाच लेखनातला फरक इथे रेघेत दिसतो. गाणं कान-«स्योन», शेवटी एन आणि जोर शेवटी, म्हणून रेघ आहे. गाणी कान-«स्यो»-नेस, जोर त्याच तुकड्यावर, पण तो आता शेवटून दुसरा झाला आणि शेवटी एस, म्हणून रेघ गेली. तरुण «हो»-बेन ला रेघ नाही, अनेकवचन «हो»-बे-नेस ला आहे. मोजून बघा, कारण लगेच कळेल. जोर खरोखर सरकतो असे शब्द फार थोडे आहेत: का-«राक»-तेर चं का-राक-«ते»-रेस होतं, «रे»-हि-मेन चं रे-«हि»-मे-नेस. ते पाठ करावेत.

वाक्यात

वाक्यात प्रत्येक शब्दाला जोर मिळत नाही. ला, एल, एन, दे, कोन, मि, तु अशी छोटी पदं पुढच्या शब्दाला चिकटतात, जसे आपले विभक्तिप्रत्यय मागच्या शब्दाला. "टेबलावर" म्हणजे एन ला «मे»-सा, पण म्हणायचं एनला«मे»सा, एकाच थापेत. म्हणूनच काही एकतुकडी शब्दांवर तिल्दे असते: एल म्हणजे "तो" याला रेघ आणि थाप दोन्ही, पुल्लिंगी नामाआधी येणाऱ्या एल ला दोन्ही नाही. प्रश्नातला के, «को»-मो, «दोन»-दे यांनाही रेघ आणि जोर आहे.

रोजचा वेळ आणि साधनं

पंधरा मिनिटं पुरतात. पाच मिनिटं दहा नवे शब्द न ऐकता वाचा आणि जोराच्या तुकड्याखाली पेन्सिलनं रेघ मारा. पुढची पाच मिनिटं तेच शब्द गूगल ट्रान्सलेटमधल्या स्पॅनिश आवाजात ऐका आणि खूण तपासा. चुकलेल्या शब्दाशेजारी चूक कशामुळे झाली ते एका शब्दात लिहा: रेघ दिसली नाही, स्वर चुकीचे मोजले, शेवटचा आवाज ऐकला, इंग्रजी आठवलं. आठवड्याच्या शेवटी कुठलं कारण जास्त वेळा आलं ते बघा आणि पुढच्या आठवड्यात फक्त त्याच्यावर काम करा. उरलेली पाच मिनिटं स्वतःचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर मनातला उच्चारच कानात घुमत असतो.

मजकूर निवडताना सावध राहा. व्हॉट्सअॅपवरच्या गप्पांत आणि मोठ्या अक्षरांतल्या पाट्यांवर तिल्दे बऱ्याचदा गाळलेली असते. मोठ्या अक्षरांवरही ती लिहावीच लागते, पण लोक लिहीत नाहीत. तिथून शब्द शिकला तर जोर चुकीचा पक्का होतो, म्हणून आधी शब्दकोशात बघा. स्वतः लिहिताना मोबाईलवर इंग्रजी कळफलकाचा स्वर दाबून धरला की रेघेचा पर्याय येतो. विंडोज संगणकावर उजवीकडचे आकडे वापरून ऑल्टबरोबर १६० दाबलं की रेघेचा आ येतो, १३० नं ए, १६१ नं इ, १६२ नं ओ, १६३ नं उ, आणि १६४ नं लाटेचा एन. ही यादी पहिले पंधरा दिवस पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवा.